बोकडाच्या मेंदूतला नवा पट्टा

माझ्या हातून एकदा विज्ञानात चक्क एक शोध लागला होता, सांगितलं होतं का तुम्हाला? नाही? मग हातातला कप आधी खाली ठेवा. कपडे खराब होतील!

सत्तरच्या दशकाची अखेर असेल. मी दिघोरीचा, धानाच्या बांधीतून उठून बी.एस्सी. झालेला. भंडाऱ्याच्या एका कॉलेजात पाठक मॅडम मेंदूतल्या प्रथिनांवर संशोधन करायच्या. त्यांच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागलो. प्रयोगशाळा म्हणजे काय, तर मागच्या अंगाच्या दोन खोल्या, एक कण्हणारा फ्रिज आणि मॅडमची जिद्द. वीज गेली की सगळं कॉलेज पंख्याकडे बघत बसायचं. या बाई पदर खोचून बर्फाची लादी फोडायच्या आणि नळ्या त्यात रोवायच्या! नागपूरची नोकरी सोडून इथं आल्या होत्या. मी तर त्यांच्यासमोर खुर्चीवरसुद्धा अर्धाच बसायचो.

माझं काम? सकाळी खाटकाकडून बोकडाचा ताजा मेंदू बर्फात घालून आणायचा. खाटीक रोज विचारायचा, "भाऊ, तळता का रस्सा करता?"

मी छाती फुगवून म्हणायचो, "संशोधन करतो!"

"करा काहीही. पण कांदा जास्त टाकजा."

मग तो मेंदू वाटायचा, त्याचा अर्क जेल भरलेल्या काचेच्या नळीत घालायचा, वीज सोडायची आणि वरून निळा रंग द्यायचा. एकेका प्रथिनाचा एकेक निळा पट्टा उमटतो. कुठला पट्टा कुठे यायचा, मॅडमना तोंडपाठ!

आणि एका दुपारी माझ्या नळीत एक पट्टा जास्तीचा. जाड, ठसठशीत!

मॅडमनी नळी खिडकीच्या उजेडात धरली. "हा कुठून आला? कुठल्याच पुस्तकात नाही हा. पुन्हा कर."

पुन्हा केलं. पुन्हा पट्टा!

"मी स्वतः करून बघेपर्यंत कुणाला बोलू नकोस," असं बजावून त्या कामासाठी नागपूरला गेल्या.

मी कुणाला बोललो? फक्त शिपाई बंडूभाऊंना. ते कुणाला बोलले? फक्त प्राचार्यांना. प्राचार्यांनी मात्र थेट शाल-श्रीफळच मागवलं! शनिवारी दुपारी सत्कार. तिकडे एसटीच्या कंडक्टरनं दिघोरीला निरोप नेला, आणि पोहोचेपर्यंत मी मेंदूचा डॉक्टर झालो होतो. बाबा अर्धं गाव एसटीत घालून हजर! त्यातले एक आजोबा फाटकातच टोपी काढून म्हणाले, "माह्या डोक्शात भनभन होऊन राह्यली रे, पाहून दे."

मॅडम शनिवारी सकाळीच परतल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी स्वतः प्रयोग केला. पट्टा नाही! बाहेर मांडव, आत मला बोलावणं.

"चल, माझ्यासमोर कर. नेहमी करतोस तस्संच."

मी सवयीनं खिडकीतला बीकर उचलला, विसळला आणि अर्क त्यात ओतायला गेलो.

"थांब. हा बीकर इथे कसा?"

"चहाचं दूध ठेवतो ना यात, मॅडम. विसळला की!"

मॅडमनी बीकर वाकडा केला. तळाशी साय चिकटलेली. फ्रिज तेवढा कण्हत होता. दुधातलंही प्रथिनच ना हो! जगात कुणालाच न सापडलेला तो पट्टा आमच्या चहाचा होता!

मला वाटलं, नोकरी गेली. बाबांना तोंड कसं दाखवायचं? पण मॅडम सरळ मांडवात गेल्या, माईक घेतला आणि म्हणाल्या, "शोध लागलेला नाही. माझ्या प्रयोगशाळेत भांडी नीट धुतली गेली नाहीत. ते बघणं माझं काम होतं." बस! माझं नावसुद्धा नाही. प्राचार्य शाल हातात धरून तसेच उभे.

आता सांगा, अशा बाईंच्या मागे लपून कसं बसणार? मी उठलो. "दूध मी ठेवलं होतं," म्हणालो.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "सोमवारी वेळेवर ये. आधी काच धुवायला शिकवते."

तेवढ्यात बाबा उठले. "म्हंजे काय रे? बोकडाच्या भेज्यात दूध निघालं?"

"हो, बाबा."

बाबांनी जन्मभर जनावरं पाळलेली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मॅडमकडे, आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, एक डाव याच्याही भेज्याचा पट्टा काढून पाहा ना. काही निघते का तं!"

मॅडमना पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना बघितलं मी.

"नको हो काकाजी," त्या म्हणाल्या, "जेल फुकट जाईल!"