मातेचा पोशाख

ब्रागा शहरात चर्चना तोटा नाही. एका दारातून बाहेर पडलेला प्रवासी दुसऱ्या दारात जाऊन धडकतो. देओलिंदाबाईंना या प्रवाशांचा मनस्वी तिटकारा. अर्ध्या चड्ड्या घालून आत यायचं, माना वर करून छताचा सोनेरी मुलामा बघायचा आणि वेदीसमोरच्या बाकावर बसून केळं सोलायचं! "यांना देव नको, सावली हवी," असं त्या मोठ्यानेच म्हणत. प्रवाशांच्या भाषेत बोलायची बाईंना गरजच वाटत नसे.

बाईंचं काम एकच, पण त्याचा तोरा केवढा! ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या मिरवणुकीआधी दुःखी मरियामातेला काळा मखमली पोशाख चढवायचा. मूर्तीचा चेहरा आणि हात तेवढे कोरलेले. खाली नुसता लाकडी सांगाडा. म्हणून कपडे बदलताना सगळ्या पुरुषांनी बाहेर जायचं, हा रिवाज. आजवर पाद्रीसुद्धा मुकाट्याने अंगणात थांबत.

नवे फादर आन्सेल्मो मात्र हसऱ्या तोंडाचे आणि धंदेवाईक डोक्याचे.

"देओलिंदाबाई, यंदा पोशाख लोकांसमोर चढवू. पाहुण्यांना आवडेल."

"मातेला परक्या पुरुषांपुढे उघडं करायचं?"

"अहो, आत लाकडंच तर आहेत. त्यात लाज कसली?"

"तुमच्या झग्याच्या आतही हाडंच आहेत, फादर. काढता का चारचौघांत?"

फादरांचे कान लाल झाले. बाई जिंकल्याच्या थाटात घरी गेल्या आणि ही हकीकत त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकवली.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतात तो काय, चर्चमध्ये खुर्च्या मांडलेल्या, प्रवासी दाटीवाटीने बसलेले, आणि पांढरे हातमोजे घातलेले दोन बाप्ये मातेचा जुना झगा उतरवत होते. सांगाडा उघडा पडला होता.

"पुरुषांनो, बाहेर व्हा!" बाई कडाडल्या. "लाजा वाटत नाहीत? निघा!"

सगळ्या खुर्च्यांतून माना वळल्या. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. हाही कार्यक्रमाचाच भाग, अशी त्या शहाण्यांची समजूत झाली होती.

फादर लगबगीने जवळ आले आणि कानाशी म्हणाले, "झकास! पुढल्या वर्षीही अगदी अस्संच ओरडा हं."

बाईंनी खांद्यावरची शाल ओढून काढली आणि दोन्ही हातांनी मातेपुढे आडवी धरली. बाई ठेंगण्या. मागच्या रांगेतल्यांनी हात उंचावून शालीच्या वरून फोन धरले.