फेरीनंतरचा नाश्ता

डायबिटीसपायी बायकोचा, नलिनीचा पाय कापावा लागला, तेव्हापासून विश्वंभर त्या आजाराच्या रुग्णांसाठी निघणाऱ्या मदतफेरीत दर वर्षी तरसालीहून निजामपुऱ्यापर्यंत सायकल रेटत असे. यंदा गुडघ्यांनी पार जीव काढला. कसाबसा पोचला, तर मांडवात रविवारचा ठरलेला नाश्ता मांडलेला: फाफडा आणि जिलबी! डायबिटीसच्या फेरीत जिलबी! त्याने कपाळावर हात मारला.

"ल्यो ने काका, एकथी शुं थाय!" एकीने काय होणार, असा वाढणाऱ्याने गुजरातीतून आग्रह केला. भुकेपुढे त्याचं काही चाललं नाही.

साबणाने हात चोळचोळून धुऊन तो घरी आला.

"काय होतं खायला?" नलिनीने पलंगावरून विचारलं.

"पोहे."

तिने त्याचा हात ओढून हुंगला. बराच वेळ सोडला नाही.

"जिलबी गरम तरी होती का हो?"