सहा दगड गाडीत, सातवा सुर्ल्याला

निघायची वेळ झाली नव्हती, तरी मी गाडीत बसून हॉर्न वाजवत होते. मंगल आदल्या दिवशीच डिचोलीहून माझ्याकडे म्हापशाला येऊन राहिली होती आणि आता आरशासमोर उभी राहून सावकाश केसांत अबोलीचा वळेसर माळत होती.

"सहलीला निघालोय, लग्नाला नाही," मी खालून ओरडले.

"शेवटची सहल गो शैले," ती खिडकीतून म्हणाली. "नटान गेल्यार तुझा काय जाता?"

त्या 'शेवटची'ने माझं डोकं फिरलं, ते पुढचे तीन दिवस फिरतच राहिलं.

या ब्लॉगवर नव्याने आलेल्यांना आधी सांगते. मंगल, इंदू आणि मी कॉलेजातल्या मैत्रिणी. मी शाळेत गणित शिकवलं, इंदू कोर्टात कारकून होती, मंगल सरकारी इस्पितळात नर्स. तिघींना मनापासून येणारा खेळ एकच, लगोरी, आणि तो आम्ही वयाच्या साठीतही सोडलेला नाही. वर्षातून एकदा सहल काढायची. सात ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणचा एक चपटा दगड घ्यायचा आणि सातव्या ठिकाणी सातही रचून डाव मांडायचा. एकीने चेंडूने लगोरी फोडायची आणि बाकीच्या दोघींनी चेंडू मारून तिला बाद करायच्या आत परत रचायची. जी रचेल ती जिंकली. पुढच्या वर्षी कुठे जायचं ते तीच सांगणार, त्यावर अपील नाही. चेंडू जुन्या साडीच्या चिंध्यांचा, इंदूच्या हातचा. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून तो गुडघ्याखालीच मारायचा असं एक कलम वाढवलं आहे.

कलमं सगळी इंदूची. देवळाचा, किल्ल्याचा किंवा कुणाच्या बांधाचा दगड घ्यायचा नाही. एकदा पिशवीत पडलेला दगड बदलायचा नाही. आणि डाव पुरा झाल्याशिवाय सहल संपत नाही. आंबोलीला आमचा चेंडू दरीत गेला, तेव्हा पुढच्या वर्षी आधी आंबोलीला जाऊन तो डाव पुरा करावा लागला होता. लोक हसतात. हसू देत.

गेल्या वर्षी इंदू जिंकली आणि तिने चक्क पेडणे आणि डिचोली मागून घेतलं. म्हणजे आमचंच अंगण. मी नाक मुरडलं होतं. पण या वर्षी मंगलच्या मुलाने तिला कायमचं पुण्याला न्यायचं ठरवलं, डिचोलीचं घर आवरायला काढलं, आणि लांब कुठे जायला तिला सवडच उरली नाही. जवळची सहल आयतीच कामाला आली.

शिवोलीचा पूल ओलांडला की चोपडे. हा रस्ता सकाळी लवकरच गाठा. ऊन चढलं की किनाऱ्याकडे निघालेल्या भाड्याच्या स्कूटरींच्या मागे रांगत जावं लागतं. नदीकाठी होड्या नुकत्या लागल्या होत्या. एक बाई पाटीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, निवडत बसली होती. सायकलवरून भोंपू वाजवत पदेर, म्हणजे पाववाला, आला, त्याच्याकडून कोंड्याच्या गरम पोया घेतल्या आणि उभ्यानेच खाल्ल्या. मला बसवतच नव्हतं.

पहिला दगड मी उचलला. मंगलने तो माझ्या हातातून घेतला, दुसऱ्या दगडाने टकटक वाजवला, कानाशी धरला आणि सरळ पाण्यात फेकला.

"तो नाका. पोटात फुटलेलो आसा."

"फातर कित्याक वाजयतंस गो?" तिसऱ्या निवडणारी म्हणाली. "तो काय नारळ?"

"मी सुर्ल्याचा चेडू," मंगल म्हणाली. "आमी न्हानपणापासून फातरच वाजयल्यानी."

हे खरं आहे. ती सुर्ल्याची मुलगी, माहेर खाणींच्या गावातलं. वडील खनिजाच्या ट्रकांवर मुकादम. आमच्या सगळ्या सहलींचे दगड तीच पारखून घेते, मग ते कुठलेही असोत. चोपड्याचा दगड तिने पाचव्या की सहाव्या वाजवणीला पसंत केला. तो पिशवीत टाकला आणि नदीकडे बघत म्हणाली, "ह्या वर्सा मी जिकलंय तर फुडच्या वर्साचा गाव सांगूचंय नाय. खंयच जावचा नाय. बंद करतलंय."

"का पण?"

"झील सुट्टी घेतलो, गाडी करतलो, माका हाडतलो, परत न्हेतलो. एक फावट हाडतलो, दोन फावट हाडतलो. मगे तोंड करतलो. त्यापरास आपल्या पायांर आसंय तवसर बंद केलेला बरां."

"मग मी जिंकेन," मी म्हणाले.

ती हसली. मी गंमत करत नव्हते. महिनाभर मी रोज घरामागच्या कुंपणावर करवंट्या मांडून नेम धरत होते. शेजाऱ्यांना काय वाटायचं ते वाटलं असेल. जिंकले तर सांगायचं गावही ठरवून ठेवलं होतं, पुणे. तिला आणायला-पोचवायला तिच्या मुलाने सुट्टी घ्यायची गरजच नव्हती, आम्ही दोघीच तिच्या दारात जाऊन उभ्या राहणार होतो.

पेडण्यात इंदूला घेतलं. विमानतळाच्या रस्त्याने पेडण्याची चाल बदलली आहे, मोठमोठ्या गाड्या घाईघाईने गावाला वळसा घालून जातात. बाजार मात्र होता तसाच आहे. कचेऱ्यांच्या बाजूच्या एका लहान हॉटेलात पातळभाजी, सुकी भाजी, पाव आणि मिरचीभजी असं तिघींचं भरपेट दोनशेच्या आत झालं. गाडी नसेल तर म्हापशाहून पेडण्याला बसेस सतत असतात, पण पुढच्या वाटेला स्वतःचं वाहन हवंच. मुक्काम इंदूकडे होता. ती आणि मंगल ओसरीवर गप्पा मारत बसल्या. मी अंगणात फेऱ्या मारत होते.

"ह्येका भूत लागला काय?" इंदूने मंगलला विचारलं.

"लागला. माझा," मंगल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी केरी. सुरूच्या झाडांतून समुद्र दिसतो तिथपर्यंत पर्यटक असतात, फेरीच्या धक्क्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. चालत चढलात तर तिकीट नाही. आम्ही उगाच तेरेखोलला जाऊन त्याच फेरीने परत आलो, कारण मंगलला दोन्ही काठ बघायचे होते. मी कठड्याला धरून, फेरी एवढी हळू का चालते, याचा विचार करत होते. इंदूने मला सुनावलं, "शैले, समुद्र आसा तो. फळ्यावरचा गणित न्हय, पुसून फुडे जावक."

तिथून उलट फिरून हळर्ण. नदीकाठचा किल्ला डागडुजी करून नीटस केला आहे, सकाळी जा, दुपारी तापतो. किल्ल्याचा दगड घ्यायचा नाही म्हणून खाली नदीत उतरलो. मी घाईघाईने एक उचलून पिशवीत टाकला. मंगलने मागाहून काढून वाजवला. "खणखणीत आसा, पण वाकडो," ती म्हणाली. मी बदलायला निघाले, तर इंदूने पिशवीच्या तोंडावर हात ठेवला.

"पडलो तो पडलो. कलम म्हायत आसा मगे?"

"अगं, तीन पावलांवर दुसरा आहे."

"तीन पावलांर आसूं वा तीन कोसांर."

मंगलने हा सगळा वाद फार लक्ष देऊन ऐकला.

इब्रामपूरवरून दोडामार्ग आणि तिथून डिचोलीकडे, असा आमचा रस्ता. मध्ये काही अंतर महाराष्ट्रातून जावं लागतं, पेट्रोल कुठे स्वस्त असेल ते बघून भरा. काजूला मोहोर होता, काचा उघड्या ठेवल्या की गाडीभर वास. मी वळणं जोरात घेत होते आणि डिकीत दगड एकमेकांवर आपटत होते. लाटंबार्शाला पाचवा मिळाला.

संध्याकाळी मंगलच्या घरी पोचलो. भिंतींवर तसबिरींच्या जागी पांढरे चौकोन होते. खोकी छतापर्यंत बांधून झाली होती. तीन ताटं, तीन पेले आणि एक कढई तेवढी बाहेर ठेवली होती. तिने बऱ्याच भाज्यांचं खतखतं केलं होतं, त्याच्याबरोबर पाव. जेवून झाल्यावर मी ताटं घासली आणि कुठे ठेवू म्हणून विचारलं. ती म्हणाली, "हंयच दवर. सकाळी परत लागतली."

तिसऱ्या दिवशी आधी मये. तळ्यात पाय मारायच्या होड्या आहेत, मुलं बरोबर असतील तर अर्धा दिवस सहज जाईल. आम्ही होडी घेतली आणि मी एवढ्या जोरात पाय मारले की आम्ही जागच्या जागी गोल फिरलो. काठावरचा माणूस ओरडला, "बाये, तळा खंय पळाना!" दोघी एवढ्या हसल्या की होडी हलायला लागली. मीसुद्धा हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा.

मग सुर्ला. साखळीपासून पुढे रस्त्याच्या कडेची झाडं तांबडी होत जातात, पानांवर धूळ बसलेली. मधली काही वर्षं खाणी बंद होत्या, आता थोडी वर्दळ परत दिसते. ट्रक मागे लागला तर सरळ वाट द्या. मंगल उतरली ती रस्त्याकडेचा एक तांबडा चपटा दगड उचलून पिशवीत टाकूनच थांबली. "झाला," म्हणाली. मला मैदान गाठायची घाई होती.

चहाच्या गाड्यामागे ट्रक वळवायला केलेली सपाट जागा होती. तिथे डाव मांडला. एक ट्रकवाला चहा पीत उभा होता, कुडाळचा. आम्ही दगड रचतोय बघून आधी त्याला देवाचं काही वाटलं. लगोरी आहे म्हटल्यावर त्याने पेला खाली ठेवला आणि ट्रक थोडा मागे घेऊन जागा करून दिली.

"पाय जपा मावशे," तो म्हणाला. "हंयसर डॉक्टर लांब आसा."

पहिली पाळी माझी. पहिल्याच चेंडूत लगोरी फुटली, महिनाभराच्या करवंट्या फळाला आल्या. पाच दगड रचून झाले आणि इंदूचा चेंडू माझ्या घोट्यावर बसला. बाद. मग इंदू. तिचे तिन्ही चेंडू लगोरीला वळसा घालून गेले. ट्रकवाला म्हणाला, "ही मावशी दया करता."

मंगलने पदर खोचला. एकच चेंडू मारला. दगड सगळीकडे उडाले आणि चेंडू उसळून ट्रकखाली गेला. मी धावले. पोटावर झोपून हात घातला तरी चेंडू लागेना. ट्रकवाला ओरडत होता, "टायराच्या भायल्यान! भायल्यान बघा!" चेंडू हातात घेऊन उठले तोवर मंगल जमिनीवर फतकल मारून बसली होती आणि तिच्यासमोर सहा दगड नीट उभे होते. सहाही. वाकड्या हळर्णालाही तिने बरोबर मध्ये बसवलं होतं. सातवा, सुर्ल्याचा, तिच्या मुठीत होता.

मी हात उचलला. एवढ्या अंतरावरून माझा नेम चुकत नाही. तिने माझ्याकडे बघितलं, मूठ लगोरीवर नेली, आणि तांबडी माती बोटांमधून गळायला लागली. तिने मूठ उघडली. तळहातावर तीन तुकडे आणि भुगा.

ट्रकवाला जवळ येऊन बघून गेला. "फुटतलोच. तो काय फातर? माती ती. दुसरो घेवा, हंयसर डोंगरभर आसत."

"बदलूक येणा नाय," इंदू म्हणाली. "कलम आसा."

"तुमी कोर्टातले काय?"

"व्हय."

मंगलने हात झटकले. मला ती चिडलेली वाटली. "मगे काय," ती उठता उठता पुटपुटली, "डाव पुरो जावक नाय. फुडच्या वर्सा परत सुर्ल्याक येवचा पडतला. झीलाक आतांच सांगूक व्हया." मग ट्रकवाल्याला म्हणाली, "चाय पाज रे बाबा, मावश्यो थकल्यो."

म्हापशाला परतले. साडीच्या काठावरचा तांबडा डाग दोनदा धुऊनही गेला नाही. तिसऱ्यांदा घासत असताना माझा हात थांबला. चोपड्याचा दगड तिने वाजवून घेतला होता. पेडण्याचा, केरीचा, माझा वाकडासुद्धा, लाटंबार्शाचा, मयेचा. प्रत्येक कानाशी धरून. सुर्ल्याचा वाजवला नव्हता. ज्या गावात ती दगड वाजवायला शिकली, त्याच गावातला.

मंगल आता पुण्याला आहे. गेल्या रविवारी मी फोनवर तिला सरळच विचारलं, "सातवा दगड तू वाजवून का घेतला नाहीस?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"तू गाडी हळू हाक," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

सहल संपली की जिंकलेल्या बाईने दगड घरी न्यायचे आणि मी इथे एकूण खर्च लिहायचा, अशी आमची पद्धत आहे. खर्च लिहीत नाही. दगड माझ्या डिकीतच आहेत. बाजारात जाताना वळण आलं की एकमेकांवर वाजतात. सहाही खणखणीत.