मनमाड ते हरसूल, बिनधान्याचा

लोक काशीला जातात, रामेश्वरला जातात. मी पोट लहान करून घ्यायला नाशिकला गेलो. मनमाडची मंडळी विचारतात, दोन-तीन महिने कुठे गायब होतास, म्हणून लिहितो. माझं शिक्षण चौथी. रेल्वेत सांधेवाला होतो, म्हणजे रूळ बदलणारा. त्यामुळे लिहिण्यात गाडी घसरली तर बोंब मारू नका.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. पिशवीत दोन लेंगे, साखर उतरवायच्या गोळ्या आणि सहा बाजरीच्या भाकरी. पोट कापणार म्हटल्यावर मी जुन्या पोटाला शेवटचं जेवण देत होतो. लासलगाव येईपर्यंत तीन संपल्या, निफाडला पाचवी मोडली आणि नाशिकरोडला उतरताना फडकं झटकलं. समोर बसलेली बाई तिच्या पोराला म्हणाली, "बघ, आजोबा कसे सगळं संपवतात." पोरगं घाबरून आईला चिकटलं.

एवढं संकट अंगावर का घेतलं, तेही सांगून टाकतो. सुमनची आई, म्हणजे माझी बायको, गेली त्याला सात महिने झाले होते. ती गेली त्या दिवशी खांदा दिला, दहा पावलं चाललो आणि भर रस्त्यात खाली बसलो. दम पुरेना, गुडघे ऐकेनात. मग लोकांनी मला रिक्षात घातलं. पुढे ती चौघांच्या खांद्यावर आणि मागे मी रिक्षात. रिक्षावाल्याला एवढं हळू चालवायची सवय नव्हती, तो मधूनमधून हॉर्न द्यायचा. बायकोच्या मयतात हॉर्न वाजवत गेलेला नवरा मनमाडात मी एकटाच असेन. त्या दिवशी ठरवलं, पुढचं जे काय आयुष्य असेल ते स्वतःच्या पायांनी चालायचं. नाहीतर नको.

सुमन माझी मुलगी, नाशिकच्या सिडकोत राहते, अंबडच्या कारखान्यात कामाला जाते. तिनेच डॉक्टर शोधला. दवाखान्यातल्या पहिल्या काट्याने माझ्यापुढे हात टेकले. आतून दुसरा, जाड काटा आणला. एकशे बत्तीस किलो. डॉक्टर तरुण पण तोंडाचा फटकळ, मला आवडला.

"काका, तुमच्या यकृताला चरबी चढलीय. फुगून बसलंय ते. दुर्बीण आत घालायला जागा नाही. महिन्याभरात सहा किलो उतरवा, मग ऑपरेशन."

"आणि नाही उतरलं तर?"

"तर मी हात लावणार नाही. मनमाडला परत जायचं."

पुढे आहारवाल्या बाईंकडे पाठवलं. बाईंच्या दारात रांग होती. त्यांनी भराभरा सांगितलं, "गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, मैदा, सगळं बंद. धान्य अजिबात नाही. पुड्यातलं, डब्यातलं नाही. निसर्गात जे जसं मिळतं तसं अख्खं खायचं."

"धान्याचा कणसुद्धा नाही?"

"कणसुद्धा नाही."

"म्हणजे उपवास."

बाई पुढच्या पेशंटचा कागद काढत होत्या. म्हणाल्या, "हो काका, उपवासच समजा."

आणि मी समजलो. हातात कागद दिला होता, पण तो इंग्रजीत. घडी करून खिशात ठेवला.

घरी येऊन सुमनला म्हटलं, "महिनाभर उपवास सांगितलाय." तिचा जीव भांड्यात पडला. "एवढंच ना आण्णा? मग सोपंय की!" शेवटी आईचीच लेक. सकाळी कामाला जाण्याआधी साबुदाण्याची खिचडी करून ठेवायची. दुपारी भगर (वरईचे तांदूळ) आणि दाण्याची आमटी. संध्याकाळी बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. मध्ये भूक लागली तर राजगिऱ्याचे लाडू. मी गोदेकाठी फिरायला जायचो. फिरणं म्हणजे एका पायरीवर बसून दुसऱ्या पायरीकडे बघणं. तिथे एका गाड्यावर गरम साबुदाणावडे मिळायचे. गाडीवाला ओळखायला लागला. "बाबा, रोज उपवास? लय कडक हो तुमचं!" मला अभिमान वाटायचा. चार वडे खाऊन मी सत्पुरुषासारखा सिडकोला परत यायचो.

पंधरा दिवसांनी काट्यावर चढलो. एकशे चौतीस.

डॉक्टरने काटा बघितला, मग मला बघितलं. "काका, चोरून खाताय."

"पंधरा दिवस धान्याचा कण पोटात नाही, डॉक्टर. सुमनच्या आईची शपथ."

"शपथा नकोत. पंधरा दिवस उरलेत आणि आता आठ किलो. नाही झालं तर मी तारीख काढून टाकतो."

जन्मात मला कुणी चोर म्हटलं नव्हतं. खादाड म्हटलंय, ते खरंच आहे. पण चोर? रात्रभर विचार केला आणि सकाळी गुन्हेगार सापडला. भगर! दुकानातल्या भगरीत तांदळाची कणी मिसळत असणार, म्हणून वजन चढतं. शेजारीण म्हणाली, अस्सल वरई पाहिजे तर हरसूलच्या बाजारात जा, तिथे पिकवणारेच विकायला बसतात. दुसऱ्याच दिवशी तिथला बाजार होता. सुमन म्हणाली, "आण्णा, एवढ्या लांब? एसटीत बसवेल का?" मी म्हटलं, "बसायला काय, मला बसण्याचाच तर आजार आहे."

जुन्या सीबीएसवरून (नाशिकचा एसटी स्टँड) त्र्यंबकमार्गे गाडी. दोघांच्या बाकावर मी एकटा मावलो. कंडक्टर म्हणाला, "बाबा, जागा दोघांची, तिकीट एकाचं?"

"पोट माझ्याबरोबर आलंय. कायमचं सोडायला चाललोय त्याला, अर्धं तरी माफ कर."

त्र्यंबक मागे पडल्यावर रस्ता डोंगरात शिरला. मी जन्म काढला मनमाडच्या काळ्या खडीत आणि इंजिनाच्या धुरात. इथे उतारावर खुरासणी (कारळे म्हणतात ते) पिवळीधमक फुलली होती. तिच्या शेजारी कापलेली वावरं, खळ्यावर नागलीची (नाचणीची) कणसं वाळत घातलेली. बायका डोक्यावर ओझं घेऊन चढ चढत होत्या आणि चढता चढता एकमेकींशी बोलत होत्या. मला सपाटीवर उभं राहून बोलताना धाप लागायची.

हरसूलच्या बाजारात एक म्हातारी दोन पोती मांडून बसली होती. नाव सोनीबाई. काटकुळी, माझ्या एका मांडीएवढी सगळी मिळून. मी तिच्यापुढे उभा राहिलो तशी तिच्यावर सावली पडली. तिने वर बघितलं.

"बाई, वरई पाहिजे. अस्सल, बिनभेसळीची. मला डॉक्टरने धान्य बंद केलंय."

"धान्य बंद हाय नि वरई घ्येता?"

"उपवासाला चालते ना."

"द्येवाला चालत आसंल." ती शेजारणीकडे वळली. "आयकलंस का गं? ह्या बाबाला धान्य चालत नाय, म्हनून वरई न्यायला आलाय!"

दोघी हसल्या. मग पलीकडचा कोंबडीवाला हसला. सोनीबाईने ओंजळभर वरई उचलून माझ्या नाकापुढे धरली. "बाबा, ही का झाडाला लागती? पालापाचोळ्याचा राब भाजतो, रोप लावतो, कापतो, झोडतो, कांडतो. नागलीच्या शेजारच्या वावरात व्हती ही. आमी तं रोज हिचाच भात खातो. धान्य नाय तं काय हाय मंग?"

मी म्हटलं, "रोज खाता आणि अशा बारीक?"

"आमी खाऊन डोंगर चढतो. तुमी खाऊन काय चढता?"

"खाट," मी म्हणालो.

आता हसणाऱ्यांत मीही होतो. पण हसता हसता एक गोष्ट आठवली. सुमनच्या आईने चाळीस वर्षं सोमवार केले. माझ्यासाठी. माझी नोकरी, माझे गुडघे, माझी साखर. सोमवारी धान्याला शिवायची नाही, वाटीभर भगर खायची आणि वर पाणी प्यायची. चाळीस वर्षं ती धान्यच खात होती. उभ्याने रडायची सवय नाही मला, तिथेच एका रिकाम्या पोत्यावर बसलो आणि सोनीबाईला सगळं सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगायला बरं असतं, परत भेटत नाही.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "त्या बाईनं मनापासून धरला ना? मंग झाला उपास. द्येव काय चाळन घिऊन बसतो का?"

मग मी खिशातला आहारवाल्या बाईंचा कागद काढला. कोंबडीवाल्याचा पुतण्या आश्रमशाळेत मास्तर होता, त्याने वाचून दाखवला. भाज्या, अंडी, मासे, दही, डाळी, मूठभर शेंगदाणे. खाली जाड अक्षरात लिहिलं होतं: बटाटा, रताळं, साबुदाणा, साखर नाही. म्हणजे मी पंधरा दिवस कागदात नको लिहिलेलं तेवढंच नेमाने खाल्लं होतं. एवढा नेम मी शाळेत पाळला असता तर चौथीच्या पुढे गेलो असतो.

सोनीबाईने फडकं सोडलं. नदीतल्या बारक्या माशांचं कालवण, खुरासणीची चटणी आणि नागलीच्या दोन भाकरी. भाकरी तिने आपल्याकडे ओढल्या आणि कालवणाची वाटी माझ्याकडे सरकवली. "भाकर माझी, कालवन तुमचं." भाकरीशिवाय कालवण कसं खातात, मला माहीत नव्हतं. उजवा हात सारखा भाकरी शोधत होता. शेवटी मासे बोटाने उचलून खाल्ले, वाटी तोंडाला लावली आणि तिखटाने डोळ्यांतून पाणी काढलं. बरं झालं, आधीचं पाणीही त्यातच खपून गेलं.

परतताना वालपापडी, मेथीच्या जुड्या, सुकट आणि दोन डझन गावठी अंडी घेतली. अंडी मांडीवर ठेवा म्हणाला कोंबडीवाला. माझ्यासारख्याला बसल्यावर मांडी उरत नाही, हे त्याला कुठून कळणार? पहिल्याच वळणावर पिशवी पोटावरून घसरली आणि पाच अंडी एसटीत फुटली. सकाळचाच कंडक्टर होता, म्हणाला, "बाबा, सोडलं वाटतं पोट!"

सुमनला सांगितलं तेव्हा ती कपाळाला हात लावून बसली. मग साबुदाण्याचा डबा शेजारी देऊन आली. पुढचे पंधरा दिवस कसले होते, विचारू नका. पहिले चार दिवस डोकं ठणकत होतं. शेजारी कुणी भाकरी थापली की त्या थपथप आवाजाने मी उठून खिडकीत जायचो. सकाळी दोन अंडी, दुपारी वालपापडी आणि दही, संध्याकाळी सुकट घातलेली मेथी. गोदेवर गेलो की वड्याच्या गाडीकडे पाठ करून बसायचो. गाडीवाला म्हणाला, "बाबा, उपवास सोडला का?" मी म्हटलं, "नाही, आता धरलाय."

तारखेच्या दिवशी काट्यावर चढलो. एकशे सव्वीस आणि वर अर्धा किलो. मी खाली उतरलो, चपला काढल्या, सदरा काढला, चष्मा काढून सुमनच्या हातात दिला. परत चढलो. काटा थोडा हलला, थोडा राहिला. मग मी तोंडात हात घालून कवळी काढायला लागलो तसा डॉक्टर ओरडला, "काका, दात राहू द्या! करतो ऑपरेशन."

ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही, मी झोपलो होतो. पोटाला पाच भोकं पाडली आणि आतलं पोट केळ्याएवढं केलं. पुढचा दीड महिना सुमनकडेच काढला. आधी नुसतं पाणी आणि भाज्यांचं सार, चमच्याने, घोट घोट. मग मऊ अंडं, कुस्करलेला मासा. धान्याला पुढेही काही महिने मनाई. एक घास जास्त झाला की छातीत दगड बसायचा. आहारवाल्या बाई आता मला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात आणि उलट विचारतात, "काका, काय समजलात?" नवीन पेशंटना म्हणे त्या सांगतात, उपवासाचं काहीही चालणार नाही. एवढी तरी माझी समाजसेवा झाली.

मनमाडला उतरलो तेव्हा स्टेशनचा पूल मी न थांबता चढलो आणि उतरलो. हमाल म्हणाला, "काय दादा, आजारी होता का? निम्मे झालात." रिक्षावाले हाका मारत होते. मी चालत घरी गेलो. वाटेत दोनदा थांबलो, पण उभ्याने.

संध्याकाळी मेथीची जुडी निवडली, सवयीने सगळी केली, वर दोन अंडी फोडली. स्वतःच्या हाताने केलेली पहिली भाजी, तिखट जरा जास्तच पडलं. सहा चमच्यांत पोट भरलं. कढईत निम्म्याहून जास्त भाजी तशीच राहिली आणि मी तिच्याकडे बघत बसलो. आमच्या घरी कढईत काही उरल्याचं मला आठवेना. मी आधी जेवायचो, सुमनची आई मागून. हात धुताना मी बाहेरून विचारायचो, "झालं का गं तुझं?" ती म्हणायची, "झालं की." मला वाटायचं, तिची भूकच चिमणीएवढी. ती काय जेवली, किती जेवली, हे चाळीस वर्षांत एकदाही वाकून बघितलं नाही.

वाकणार तरी कसा होतो? मध्ये पोट येत होतं.