टकळीच्या आकाराचा मुळा

"ही टकळी इथे कुणी आणली? ही लॅबोरेटरी आहे की सभेचा मांडव?"

बाहेरून, सरकारी कॉलेजातून आलेले परीक्षक ओरडले, तेव्हा इंटर सायन्सची बॉटनीची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. कायदेभंगाचे दिवस होते, टकळी म्हणजे खादीवाल्यांची खूण. मी अमरावतीच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होतो आणि टकळी मीच आणली होती. कारण ह्याच परीक्षक साहेबांनी नुकतंच नारायणला शून्य दिलं होतं.

नारायण तिवशाकडच्या माळ्याचा पोरगा. घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. तोंडी परीक्षेत साहेबांनी त्याच्यापुढे मुळा ठेवला. आकार कोणता? फ्युसिफॉर्म, तो म्हणाला. बरोबर. फ्युसिफॉर्म म्हणजे कसा? इंग्रजी शब्द आठवेना, म्हणून त्याने सांगितलं, "टकळीसारखा, सर."

झालं! पोरगा परीक्षेत चळवळ करतोय असं साहेबांना वाटलं आणि ते शून्य लिहून मोकळे झाले. त्या शून्यापायी त्याचं वर्ष जाणार होतं, आणि पुन्हा वर्षभर शहरात ठेवायची बापाची ऐपत नव्हती.

आता ही भानगड सांगतो. वनस्पतींच्या मुळांच्या आकारांना शास्त्रात लॅटिन नावं असतात. लॅटिनमध्ये 'फ्युसुस' म्हणजे सूत काढायची टकळी. सूत भरलेली टकळी मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळती दिसते. चांगला मुळाही तसाच. गाजर वर जाड आणि खाली टोकदार, म्हणून ते कॉनिकल. मी हे दरवर्षी टकळी हातात धरूनच शिकवायचो. आमच्या काळ्या जमिनीत मुळा फाटतो, वाकडा होतो. म्हणून परीक्षेचे मुळे नारायणच्या बापाच्या नदीकाठच्या वाफ्यातून यायचे. म्हणजे पोरगं घरच्याच मुळ्यावर नापास होत होतं!

नारायण दाराशी पडेल चेहऱ्याने उभा होता.

"सर, तुमीच तं टकळी दाखवली होती. मंग मले शून्य काहून?"

माझं डोकं फिरलं. कपाटातली टकळी काढली आणि साहेबांच्या टेबलावर मुळ्याशेजारी आपटली. त्यावरच तो आरडाओरडा झाला होता.

प्रिन्सिपॉल धावत आले. मला कोपऱ्यात ओढून म्हणाले, "अहो, सरकारी ग्रँटवर चालतं आपलं कॉलेज. ती वस्तू आधी आत ठेवा."

"ठेवतो. आधी ह्या मुलाचे मार्क्स."

"स्पिंडल म्हणाला असता तर दिले असते," साहेब गुरगुरले.

"आणि स्पिंडल म्हणजे काय हो, साहेब?"

स्पिंडल म्हणजे इंग्रजीत टकळीच. इतका राग मला आयुष्यात क्वचितच आला असेल. ह्या गृहस्थांना टकळी चालत नव्हती असं नाही, ती फक्त विलायती नावाने यायला हवी होती! मी लायब्ररीतून लॅटिनची डिक्शनरी मागवली आणि 'फ्युसुस'वर बोट ठेवून उभा राहिलो. प्रिन्सिपॉलांनी वाचलं आणि हळूच डिक्शनरी साहेबांपुढे सरकवली. माझ्याकडे न बघता साहेबांनी शून्य खोडलं आणि पूर्ण मार्क्स लिहिले. मग मी टकळी कपाटात ठेवली.

नारायण पास झाला. मला मेमो मिळाला, लॅबोरेटरीत 'आक्षेपार्ह वस्तू' आणल्याबद्दल. वस्तूचं नाव लिहायची मात्र कुणाची छाती झाली नव्हती.

तेव्हापासून मी नव्या डेमॉन्स्ट्रेटरांना एवढंच सांगतो. शब्द कुठून आला ते मुलांना जरूर शिकवा. परीक्षकाचा पगार कुठून येतो, तेही त्याच तासाला सांगून ठेवा.