सातशे तेरा नंबरचं पुस्तक

आमच्या थोरल्या जाऊबाई, प्रमोदिनीबाई, वाचनालयाची पायरी आयुष्यात कधी चढल्या नाहीत. वाचनालय काही लांब नव्हतं, आमच्या अंबापेठेतल्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. पण तिथे सकाळ-संध्याकाळ पुरुषमंडळी वर्तमानपत्रं उघडून बसलेली, आणि एखादी बाई आत शिरली की सगळी वर्तमानपत्रं एकदम खाली. त्यापेक्षा न गेलेलं बरं, असं आम्हा सगळ्याच बायकांना वाटे.

मी चोपन्न साली अकोल्याहून लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा जाऊबाईंनी मला दागिन्यांच्या आधी काही दाखवलं असेल तर ती वाचनालयाची छापील सूची. पुस्तकाचं नाव, लेखक, पानं आणि समोर नंबर. सूचीत बघून नंबर चिठ्ठीवर लिहायचा, आणि दर गुरुवारी नत्थुजी नावाचे वाचनालयाचे शिपाई झोळा घेऊन येत, ते चिठ्ठी नेत आणि पुढच्या खेपेला पुस्तक आणत. पुस्तक दुसऱ्या कुणी नेलेलं असलं तर दारातूनच सांगत, "बाहेर हाये, बाई."

दुपारी जेवणं आटोपली की जाऊबाई सूची घेऊन आडव्या होत. नावावरून पुस्तक ओळखण्याचा त्यांना मोठा अभिमान. "हे नको मागवू. नावातच रडून राहिली बाई," असं म्हणून दहा-दहा पुस्तकं निकालात काढत. एकदा कादंबरी समजून मागवलेलं पुस्तक गाईम्हशींच्या निगेवरचं निघालं. तेही त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, आणि पुढे कितीतरी दिवस शेजारच्या तानुबाईंच्या म्हशीला औषधं सांगत होत्या. मूलबाळ नव्हतं. माहेर बाळापूरचं, तिथे वडिलांच्या पोथ्यांपलीकडे घरात कागद नव्हता. त्यामुळे वाचायला मिळालं की बाईंची तहानभूक हरपे.

छप्पन साली त्यांनी एक दोन भागांची कादंबरी मागवली. पहिला भाग सातशे बारा नंबर, दुसरा सातशे तेरा. तिच्यातली यमुना सासरचा जाच सोसून सोसून एके दिवशी घर सोडते, स्टेशनवर येते, गाडी लागते, यमुना डब्याच्या दांडीला हात घालते, आणि तिथे पहिला भाग संपतो. मागून नवऱ्याची हाक ऐकू येते ती वेगळीच. असा भाग संपवणाऱ्या लेखकाला खरं म्हणजे फटके द्यायला हवेत.

"चढली असेल का वं?" जाऊबाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, चढली असणार. "अन् हाक कोण ऐकेल मग?" त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या भागाची चिठ्ठी लिहायला बसल्या. त्याच आठवड्यात त्यांच्या खोकल्यातून रक्त पडलं.

डॉक्टरांनी क्षय सांगितला. जाऊबाईंना तो शब्द कुणी सांगायचा नाही असं ठरलं. फुफ्फुसाला सूज आहे, पडून राहायचं, एवढंच. त्यांची खाट मागच्या खोलीत गेली, भांडी वेगळी झाली.

आणि इथे आमचे भासरे आले. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, जाऊबाईंचे यजमान. कमलाकांत वकील, घरात सगळे दादा म्हणत. ते वाचनालयाच्या कमिटीवर होते. आदल्याच वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या एका मास्तरांच्या मुलीला क्षय झाला होता, तेव्हा दादांनीच कमिटीत नियम मांडला होता: अशा घरात पुस्तक जायचं नाही, आणि गेलेलं परत फळीवर यायचं नाही. मास्तर आमच्या ओसरीवर हात जोडून उभे राहिले होते. मुलीला दुसरा विरंगुळा नाही म्हणाले. दादांनी त्यांना चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. ती पोर पुढे त्यातच गेली.

तेव्हा आता काय करणार? दादांनी पहिल्या भागाची किंमत वाचनालयात भरली आणि तो भाग परसात स्वतःच्या हातानं जाळला. दुसरा भाग फळीवर होता तो तिथेच राहिला. पहिला नाही म्हटल्यावर त्याला कोण हात लावणार? एकटाच पडून होता, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. आणि नत्थुजींना दादांनी बजावलं की बाईंनी विचारलं तर पुस्तक बाहेर गेलंय असंच सांगायचं. नियम सांगितला तर रोग सांगावा लागला असता.

तुम्ही म्हणाल, विकत आणायचं. माझ्या नवऱ्यानं नागपूर-पुण्याच्या दुकानांत चौकशी केली. पुस्तक जुनं, छापखाना कधीच बंद पडलेला. मग मी नवऱ्याकरवी सुचवलं की पहिल्या भागासारखीच दुसऱ्याचीही किंमत भरा आणि ठेवून घ्या घरात. नवऱ्याकरवी अशासाठी की भासऱ्यांशी समोरासमोर बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. काही सांगायचंच झालं तर दाराआडून, भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचं. दादांनी धाकट्या भावाला एवढंच विचारलं, "मग मास्तरांना मी काय तोंड दाखवू?"

मला त्या माणसाचा असा संताप यायचा की भाजी चिरताना विळीकडे लक्ष राहत नसे. मास्तरांची मुलगी गेली म्हणून आमच्या बाईनंही तसंच जायचं? हा कुठला न्याय? पण भिंतीशी किती भांडणार!

दर गुरुवारी जाऊबाई चिठ्ठी देत. तिच्यावर सातशे तेरा, दुसरं काही नाही. यमुनेचं कळल्याशिवाय दुसरं पुस्तक हातात धरायचं नाही असा त्यांचा हट्ट. नत्थुजी खोलीच्या दाराशी येत, खाली बघत आणि म्हणत, "बाहेर हाये, बाई." आधी जाऊबाई चिडायच्या. "कोण वाचून राहिली हो नत्थुजी? अक्षरओळख तरी हाये का तिले?" नत्थुजी म्हणत, "मले काय माहीत, बाई. दिसून नाई राहिलं फळीवर." आणि झोळा उचलून चालू लागत. एकदा माझ्यापाशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन डोळे पुसून गेले. "सूनबाई, मी पुढच्या खेपेपासून नाई येत," म्हणाले. पण पुढच्या गुरुवारी आले, कारण न येऊन कसं चालेल.

पावसाळा संपता संपता जाऊबाईंचं चिडणं थांबलं. सूची उशाशी असे, पण ती हातांना पेलत नसे. मी पान धरायची आणि त्या बघायच्या. त्यांचं सगळं लक्ष आता त्या दुसऱ्या बाईकडे लागलं होतं, सातशे तेरा वाचणाऱ्या. "घरी काम लय असंल तिले," म्हणायच्या. मग काही दिवसांनी, "माह्यासारखीच असंल. दोन पानं वाचले की धाप लागत असंल. पडून वाचत असंल बिचारी." मी बाहेर येऊन मोरीवर तोंड धुतलं. अशी कुणी बाई नव्हती. जगात कुणीही ते पुस्तक वाचत नव्हतं.

दिवाळीनंतर एका सकाळी दादा कोर्टात निघण्याआधी नेहमीप्रमाणे दाराशी उभे राहिले. मी पाणी पाजत होते, म्हणून पदर ओढून बाजूला झाले. जाऊबाई म्हणाल्या, "तुमी कमिटीवर हाये ना? त्या बाईले माहा निरोप द्या."

"कोणत्या बाईला?" दादांनी विचारलं.

"सातशे तेरावाल्या. माहा नंबर मी सोडला म्हणा. घाई करू नको म्हणा, सावकाश वाच. तिचं तरी पुरं होऊ दे."

दादांच्या हातात काळा कोट होता. तो त्यांनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "देतो," म्हणाले आणि कोर्टात गेले. खरं सांगतील असं मला वाटलं होतं. आता तरी बोला, असं मी मनात किंचाळत होते. जाऊबाई त्याच आठवड्यात गेल्या. बुधवार होता. दुसऱ्या दिवशी नत्थुजी आले, आणि झोळा खांद्यावर तसाच ठेवून अंगणात बसून राहिले.

मागची खोली फिनेलनं धुतली, चुना मारला, खाट जाळली. डॉक्टरांनी घर स्वच्छ झाल्याचं लिहून दिलं. आणि एका संध्याकाळी दादा वाचनालयातून सातशे तेरा नंबरचं पुस्तक घेऊन आले. आता ते नियमात बसत होतं. ते पुस्तक त्यांच्या हातात पाहून मला वाटलं, हिसकावून विहिरीत टाकावं.

दादांनी जन्मात कादंबरी वाचली नव्हती. मागच्या खोलीत खुर्ची टाकून रोज कोर्टातून आल्यावर ते पुस्तक घेऊन बसू लागले. मुदत संपली की नत्थुजी येत, दादा पुन्हा आपल्याच नावावर चढवायला सांगत. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मला मुलं झाली, थोरलं शाळेत जाऊ लागलं. वाचनालयानं नवी सूची छापली, तिच्यात सातशे बाराची जागा कोरी होती. सातशे तेरा आमच्याच घरी होतं.

बासष्टचा उन्हाळा असेल. मी दिवा लावायला मागच्या खोलीत गेले. दादा पुस्तक मांडीवर घेऊन बसलेले. पुस्तक उघडलेलं होतं ते सुरुवातीलाच कुठेतरी. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा डोक्यावरचा पदर न सावरता त्यांच्या तोंडाकडे बघून विचारलं, "दादा, यमुना गाडीत चढली का?"

त्यांनी वर पाहिलं. मी बोलले याचं नवलही त्यांना वाटलेलं दिसलं नाही.

"अजून तिथपर्यंत गेलो नाही," ते म्हणाले.

"तिथूनच तर सुरू होतं ना पुस्तक? पाच वर्षं वाचून राहिले तुम्ही."

दादांनी पुस्तकावर हात ठेवला. "सावकाश वाच म्हणून तिचा निरोप होता," ते म्हणाले. "मी दुसऱ्या कुणाला देणार?"