बर्फ पडण्याआधीचा डोंगर

अप्पा गेल्यावर काल त्यांची ट्रंक उघडली. आतल्या स्वेटरला डांबरगोळ्यांचा वास होता. तो स्वेटर आम्ही जपानला जाताना घेतला होता.

माझा थोरला भाऊ दत्ता तिथे बर्फावर घसरायच्या डोंगराखाली एका हॉटेलात काम करतो. त्याला गावी, अणदूरच्या कोरडवाहू शेतीवर परत आणायला अप्पा निघाले, सोबत मी. बर्फ पडायला अवकाश होता. डोंगरावर वाळलेलं गवत, दुकानं बंद, रोपवेच्या खुर्च्या रिकाम्या लटकत होत्या.

"बुडाला की रं तुझ्या मालकाचा धंदा! चल घरी," अप्पा खुशीत म्हणाले.

"न्हाय अप्पा. बर्फ पडू द्या, मग बघा गर्दी. लई कमाई हाय इथं."

अप्पा बाहेर जाऊन बसले. दिवसभर आभाळाकडे बघत राहिले. त्यांना बर्फ बघायची हौस असेल, असं मला वाटलं. जन्मभर पावसाची वाट पाहिलेला तो माणूस त्या दिवशी आभाळातून काहीच पडू नये म्हणून बघत होता, हे मला आता कळतं.